स्मरणचित्र काढताना अडले आहे: विहीर डावीकडे की उजवीकडे?

शिसपेन्सिल (धागाकर्ती) | रविवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज एका चित्रावर अडलेय म्हणून धागा काढतेय.

मी कोल्हापूरची. चित्रकला शिकवते आणि चित्रं काढते. गेली दोन वर्षं एकाच विषयावर काम चाललंय, आमची वसाहत. नाव मुद्दाम लिहीत नाही. देवकर पाणंदीच्या (पाणंद म्हणजे शेतांमधली वाट) पुढे कळंब्याकडे जाताना ज्या वसाहती लागतात त्यांतली एक समजा. १९८२ साली आम्ही मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून तिथं राहायला गेलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. पेठेतले लोक म्हणायचे, "माळावर गेले राहायला." होतंही तसंच. बावीस प्लॉट, त्यातली नऊ घरं उभी, बाकी ठिकाणी नुसती जोती. मुरमाचा रस्ता, पावसात चप्पल हातात घेऊन चालायचं. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच ऊस. रात्री कोल्हेकुई सुरू झाली की आई उठून खिडक्यांच्या कड्या पुन्हा एकदा बघून यायची.

चौदा चित्रं झाली आहेत. हँडमेड कागद, २२ बाय ३० इंच, जलरंग. त्यातलं मला स्वतःला जवळचं वाटतं ते गुऱ्हाळाचं. आमच्या मागच्या शेतापलीकडे हंगामात गुऱ्हाळ लागायचं. काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, रस आधी हिरवट करडा असतो, अगदी मळकट. रानभेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती काढून टाकतात, मग रस पिवळसर होत होत तांबूस होतो. मला ते सगळे रंग एकाच काहिलीत हवे होते, कारण लहानपणी मी तिथं नेमकी कधी उभी होते ते मला आठवत नाही, सगळ्याच वेळा एकत्र आठवतात. येलो ऑकरवर बर्न्ट सिएना ओला असतानाच सोडला, कडेला थोडा सॅप ग्रीन. चिमणीचा धूर पांढरा रंग न वापरता ओल्या स्पंजनं कागदावरचा रंग उचलून काढला. चार कागद वाया गेले, पाचव्यावर जमलं.

आता अडचण. पंधरावं चित्र विहिरीचं. वसाहत आणि शेत यांच्या मधे एक दगडी विहीर होती. आम्हां पोरांना तिकडे फिरकायची सक्त मनाई. मी ती रस्त्याच्या डावीकडे काढली. बाबांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "विहीर उजवीकडे होती गं." बाबा आता ८४ वर्षांचे आहेत, पण त्या रस्त्यावरून त्यांनी कित्येक वर्षं सायकल मारलीय, त्यांचं चुकायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती डावीकडेच आहे. विहीर आता बुजवलीय, फोटो कुणाकडे नाही.

दुसरी अडचण, सगळंच फार मोठं येतंय. कंपाउंडची भिंत गडाच्या तटासारखी दिसते. एक मैत्रीण म्हणाली, पर्स्पेक्टिव्ह चुकलंय.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना आपण सगळ्यांनी स्मरणचित्राचा पेपर दिलाय. बाजाराचं दृश्य, बसथांबा. पुढे तीन मोठ्या आकृती, मागे बारक्या, एका बाईच्या डोक्यावर पाटी. ते आपण पाठ करून जायचो. आपल्या भाषेत चित्रही काढतात आणि आठवणही काढतात, पण त्या पेपरात आम्ही फक्त चित्र काढत होतो. आता पहिल्यांदा खरोखर स्मरणचित्र काढतेय आणि बाबा म्हणतात ते चूक आहे. दुरुस्त करू का?

आठवी_गल्ली | रविवार, दुपारी १२:०५

लय भारी धागा ताई. आम्ही राजारामपुरीचे, पण आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी तिथंही लोक "एवढ्या लांब कोण जातंय" म्हणायचे. गुऱ्हाळाचं चित्र टाका की हितं.

शिसपेन्सिल | रविवार, दुपारी १२:४०

टाकते. मोबाइलवर काढलेल्या फोटोत हिरवा रंग पार निळा दिसतोय, उजेड बघून परत काढते.

ड्रॉइंगमास्तर | रविवार, रात्री ९:२०

बाई, मी ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तुमच्या मैत्रिणीला माझा निरोप द्या: पर्स्पेक्टिव्ह चुकलेलं नाही, क्षितिजरेषा कुणाची आहे तेवढं बघायचं.

क्षितिजरेषा ही बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. सहा वर्षांच्या मुलीचा साडेतीन फुटांच्या आसपास. तुमची कंपाउंडची भिंत चार फुटी असेल तर मोठ्या माणसाला तिचा वरचा माथा दिसतो, पलीकडचं अंगण दिसतं. तुम्हाला तेव्हा माथा दिसतच नव्हता. भिंत क्षितिजरेषेच्या वर जात होती, म्हणून ती तट वाटणारच.

उद्या एक काम करा. दुधाचा प्लॅस्टिकचा क्रेट उपडा घालून त्यावर बसा आणि तुमचंच घर बघा. टेबलाची खालची बाजू दिसेल, फळीचं न रंगवलेलं पोट दिसेल, खिडकीतून फक्त आभाळ दिसेल. मोठी माणसं वस्तूंच्या वरच्या बाजू बघत जगतात, मुलं खालच्या. चित्रात क्षितिजरेषा खाली घ्या आणि पूर्ण चित्रभर तीच पाळा. तुमची अडचण एवढीच असणार की भिंत मुलीच्या डोळ्यानं काढली आणि रस्ता बाईच्या डोळ्यानं. दोन क्षितिजरेषा झाल्या की बघणाऱ्याला गरगरतं.

विहिरीचं मी सांगत नाही. ते तुमचं आणि वडिलांचं. पण वेळ काढून टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आबालाल रहमान यांच्या चित्रांसमोर पुन्हा एकदा उभ्या राहा. जे. जे. मध्ये शिकलेला माणूस, शाहू महाराजांचा आश्रय होता, आणि तरी आयुष्यभर कोटीतीर्थ आणि रंकाळ्याचं तेच पाणी बघत राहिला. १९३१ साली ते गेले. एकाच जागेकडे किती वेळा बघता येतं हे त्यांच्याकडून शिकावं.

शिसपेन्सिल | सोमवार, सकाळी ७:५०

सर, क्रेटवर बसून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. गॅसच्या ओट्याची खालची कड आणि आईच्या लुगड्याच्या निऱ्या, एवढंच माझं स्वयंपाकघर होतं हे मी विसरूनच गेले होते. आणि तुमचं बरोबर आहे, रस्ता मी आजच्या उंचीवरून काढलाय.

दुधाळीकर | सोमवार, दुपारी २:१५

माझ्याकडे लहानपणाचा एकही फोटो नाही. होते, तीन अल्बम. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आम्ही लहानपणापासून पाढ्यासारखे ऐकलेत, पण त्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. आम्ही धान्य आणि कागदपत्रं माळ्यावर टाकली. अल्बम लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात राहिले.

पाणी उतरल्यावर मी मोठी चूक केली. अल्बम उन्हात वाळवले. फोटो एकमेकांना चिकटून बसले, आणि ओढल्यावर चेहरे निघून समोरच्या पानाला लागले. नंतर एका जाणकारानं सांगितलं की फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्यानं फुगतो, वाळला की गोंदासारखा धरतो. भिजलेले फोटो सुटे करण्याआधी वाळू द्यायचेच नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करायचे आणि मग चित्र वर करून सावलीत पसरायचे. नदीकाठचं कुणी वाचत असेल तर हे लक्षात ठेवा.

एका फोटोत मी आणि भाऊ त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, यात्रेला निघालो होतो, आषाढात, पुढे पी ढबाक वाजतंय. आता भाऊ म्हणतो तो फोटो टेंबलाईच्या पायऱ्यांवरचा होता. मी म्हणते घराच्या दारातला. फोटो नाही, त्यामुळे दोन्ही खरं. ताई, तुम्ही विहीर हलवू नका.

सरळरेषा | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मी थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नका. पेठांचा, रंकाळ्याचा, खासबागेचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. उपनगरांचा कुणीच लिहीत नाही. कुठल्या गटात कधी प्लॉट पडले, पाणी कधी आलं, केएमटीची बस कुठपर्यंत यायची, ओढा कुठून वाहायचा, हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. उद्या कुणी तुमचं चित्र पुरावा म्हणून बघेल. मग विहीर चुकीच्या बाजूला कशी चालेल? वडिलांचं ऐका.

शिसपेन्सिल | सोमवार, रात्री ८:००

राग कसला, मुद्दा पटतो. बाबांना समोर बसवून वसाहतीचा नकाशा काढून घेणार आहे, कुणाचं घर, कुठला नळकोंडाळा, सगळं. तो प्रदर्शनात चित्रांशेजारी लावेन. पण चित्र आणि नकाशा एकच झाले तर चित्र कशाला काढू?

पुण्यात_कोल्हापूरकर | सोमवार, रात्री ११:४५

सुधीर पटवर्धनांची चित्रं बघितलीत का? पेशानं रेडिओलॉजिस्ट, ठाण्यात राहून त्यांनी उपनगरं रंगवली. 'उल्हासनगर', 'लोअर परळ' बघा. अर्धवट इमारती, रेल्वेचे पूल, कामावरून परतणारी माणसं. पण ते समोरचं बघतात, गेलेलं नाही. तुमचा रस्ता चित्रकार मार्क शागालच्या जवळचा आहे. त्यानं १९११ मध्ये पॅरिसमध्ये बसून आपलं गाव रंगवलं. त्यात घरं उलटी आहेत, माणसाचा चेहरा हिरवा आहे, गाईच्या गालात दूध काढणारी बाई आहे. आठवणीत जे मोठं ते कागदावर मोठं.

एक काळजी वाटते ती सांगतो. गेलेल्या दिवसांची चित्रं फार लवकर गोड होतात. तुळशीवृंदावन, कंदील, संध्याकाळचं तांबडं ऊन, आणि खाली "ते दिवस". विकली जातात. तुमच्या गुऱ्हाळाच्या वर्णनात मळी आहे, म्हणून विश्वास वाटला. तो मळकटपणा सोडू नका.

खासबागचा_कट्टा | मंगळवार, सकाळी १०:१०

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा मी समोर उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. १९१५ पासूनची वास्तू. घरी येऊन झोप लागेना, पहाटे मुलीच्या वहीत पेननं आतला भाग काढत बसलो. मला चित्र येत नाही. रंगमंच नीट आठवेना, पण ज्या खुर्चीवर वडिलांच्या शेजारी बसून पहिलं नाटक बघितलं तिचा हात, त्याला पडलेली चीर आणि चिरेत अडकलेला शेंगदाण्याच्या टरफलाचा तुकडा नेमका उतरला. तेवढं पान फाडून ठेवलंय.

गुळव्या | मंगळवार, रात्री ९:३५

ताई नमस्कार. मी चित्रातला न्हाई. लेकीनं धागा वाचून दाखिवला, मी सांगतोय, ती टाइप करतीया.

तुमी जी हीर म्हणताय ती आमची. आमच्या आज्यानं पाडल्याली. काळ्या दगडात बांधीव, चौदा पायऱ्या, आत एक कोनाडा. थारोळं, म्हंजे मोटंचं पाणी पडायची जागा, दक्षिणंला. आदी मोट, मग इंजान, मग मोटर. गुऱ्हाळबी आमच्याच चुलत्याचं. चुलवाणात चिपाड घालायला मी जायाचो.

आता डावं-उजवं. तुमचा वसाहतीचा रस्ता आनि आमची पाणंद, दोनी शेजारनं गेल्याली, मधी हीर. शहराकडनं रस्त्यानं आला तर हीर उजव्या अंगाला. पाणंदीनं आला तर डाव्या अंगाला. तुमचं वडील सायकलवरनं रस्त्यानं यायचं. तुमी पोरं शाळंतनं पाणंदीनं यायचा, बांधावरच्या चिंचा पाडत. आमच्या आजीनं किती डाव हाकललंय तुमाला. तवा दोगंबी बरोबर हाय.

आनि एक सांगतो, मनात हुतं म्हणून. तुमच्या वसाहतीच्या जागंवर आमचं शेत हुतं. साडेतीन एकर. दोन आत्यांची लग्नं आनि पाइपलाइनचं कर्ज, तवा अडीच एकर इकलं. प्लॉटच्या खुणा मारताना बांधावरचे तीन आंबे तोडले, त्यातला एक शेपू आंबा, तसा वास परत कुठं गावला न्हाई. राहिल्याला एकर तुमच्या मागच्या भितीला लागून, तो ऊस. पुढं तोबी गेला. हीर मुरूम टाकून बुजवली तवा आज्या बघायला आला न्हाई. दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन बसला.

ताई, तुमच्या चित्रात आमचा ऊस हाय, आमचं गुऱ्हाळ हाय. आमी न्हाई.

शिसपेन्सिल | बुधवार, पहाटे ५:३०

दादा, रात्रभर तुमचं लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं.

पाणंद. बरोबर. आम्ही पाणंदीनंच यायचो आणि घरी सांगायचो की रस्त्यानं आलो. म्हणून तर बाबांना माझी विहीर माहीत नाही आणि मला त्यांची.

आणि तुमची शेवटची ओळ. चौदाही चित्रं बाहेर काढून भिंतीला लावून बघितली. एकातही तुमच्याकडचं माणूस नाही. काहिलीपाशीही मी फक्त हात काढलेत, चेहरा नाही. मला वाटायचं आमच्या घरामागे ऊस "होता". तो कुणीतरी लावत होतं, पाणी पाजत होतं, हे सहा वर्षांच्या मुलीला कळलं नाही हे ठीक, पण चित्र काढणारी बाई पन्नाशीला आलीय. मला माफ करा असं लिहून भागणार नाही, म्हणून विचारते: मला विहीर नीट सांगाल का? मी काठावर उंबर काढलाय. पाण्यावर लोंबणारी सुगरणीची घरटी मला पक्की आठवतात. आणि तुमची आजी. थोराड, हिरवं लुगडं, हातात शेवरीची काठी. एवढंच आठवतं, कारण काठी दिसली की आम्ही पळत होतो.

गुळव्या | बुधवार, रात्री ८:५०

माफी कशाला. तुमच्या वडलांनीबी कर्जच काढलं असंल घराला.

उंबर नव्हता. बाभळ हुती, पाण्यावर वाकल्याली. सुगरण जास्त करून काट्याच्या झाडाला घर बांधती, खाली पाणी बघून, म्हंजे साप-मांजर जात न्हाई. घरटी तुमी बरोबर बघितल्याली, झाड चुकलं. लुगडं हिरवंच. थोराड नव्हती वो, बारीक हुती, पोरवयात तुमाला मोठी दिसली आसंल.

आयतवारी मोकळा हाय. वडलांना घिऊन या, जागा दावतो.

ड्रॉइंगमास्तर | बुधवार, रात्री ९:१५

आजी थोराडच काढा बाई. साडेतीन फुटांवरून तशीच दिसणार. उंबराची बाभळ मात्र करा.

पुण्यात_कोल्हापूरकर | गुरुवार, सकाळी ८:२०

मी गोडपणाबद्दल लिहिलं तेव्हा मला रंगांपलीकडचं काही सुचलं नव्हतं. गुळव्या दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार.

शिसपेन्सिल | रविवार, रात्री १०:०५

आज जाऊन आलो. बाबांना रिक्षानं नेलं. विहिरीच्या जागी आता एका अपार्टमेंटचं पार्किंग आहे. पाणंद काँक्रीटची झालीय, दोन्ही बाजूंना गेट. बाबा रस्त्यावर उभे राहून हातानं दाखवत म्हणाले, "ही बघ, उजवीकडे." मी वळसा घालून पाणंदीनं आले आणि डावीकडे बघितलं. मधे गुळव्या दादा उभे. आम्ही दोघंही त्यांच्याकडेच बोट दाखवत होतो.

त्यांनी पार्किंगच्या फरशीवर चप्पल काढून पावलांनी मोजत पायऱ्या कुठून सुरू व्हायच्या ते दाखवलं. एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी थांबून म्हणाले, "हितं थारोळं." बाबा आणि ते मग कट्ट्यावर बसून शेपू आंब्यावर बोलत राहिले. बाबांनी तो खाल्ला होता. प्लॉट बघायला पहिल्यांदा आले तेव्हा कुणीतरी हातावर ठेवला होता. कुणी ते आठवत नाही, पण तेव्हा तिथं दुसरं कुणी राहतच नव्हतं.

जुना कागद ठेवून दिला. नवा ताणून पाटीवर चिकटवलाय. क्षितिजरेषा खालच्या तिसऱ्या हिश्श्यात घेतली, सगळीकडे तीच. विहीर डावीकडे. बाभळ पेन्सिलीनं टाकली, घरटी सात. आजी थारोळ्यापाशी, माझ्याकडे तोंड करून, भिंतीपेक्षा उंच. काहिलीच्या चित्रातही चेहरे घालायचे आहेत, पण जलरंगात वरून घालता येत नाहीत, ते सगळंच पुन्हा काढावं लागेल. काढते.

काठी काढावी की नको ते कळत नाहीये. दादांना वाईट वाटायला नको.

गुळव्या | रविवार, रात्री १०:५०

मी त्यांची मुलगी लिहितेय. बाबा झोपायला गेले होते, उठवून विचारलं. म्हणतात काठी काढाच, तिच्याशिवाय ती आजी वाटणार नाही. पण शेवरीची नव्हती, निरगुडीचा फोक असायचा, आणि टोकाला दोन पानं ठेवलेली असायची. पानं वरून हिरवी, खालून पांढुरकी. तुम्ही खालून बघत होता, तर पांढुरकीच काढा म्हणाले.